उसाच्या फडात ऑक्सफर्ड : बारामतीच्या करारांत संस्थाप्रमुखाचे काम काय?

सामंजस्य करार झाल्याची बातमी छापून येते, तेव्हा तिच्यासोबत बहुधा एकच छायाचित्र असते. हातात फाइल धरलेले दोन मान्यवर मध्यभागी उभे असतात आणि आजूबाजूला पाच-सात मंडळी हसत असतात. त्या फाइलमध्ये काय आहे, पैसे कोण देणार, निष्कर्ष कोणाच्या मालकीचे आणि प्रयोग फसला तर भरपाई कोणाची, हे त्या छायाचित्रात दिसत नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा प्रश्न केवळ शैक्षणिक राहिलेला नाही. उसाच्या शेतात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याच्या प्रयोगात इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठ, मायक्रोसॉफ्ट ही अमेरिकी कंपनी, राज्य शासन, सहकारी साखर कारखानदारी आणि बारामतीचे ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट एकत्र आले आहेत. खर्चाचा काही हिस्सा शेतकऱ्याच्याही खिशातून जाणार आहे. त्यामुळे अशा भागीदारीत विद्यापीठाचा कुलगुरू किंवा संशोधन संस्थेचा प्रमुख नेमके कोणते काम करतो, हे समजून घ्यायला हवे.

प्रथम कायद्याची चौकट पाहू. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांसाठी २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम मार्च २०१७ पासून लागू झाला. परीक्षा, संलग्नता आणि पदवीदान या जुन्या कामांपलीकडे या कायद्याने विद्यापीठावर नवी जबाबदारी टाकली. नवोपक्रम, नवसंशोधन आणि साहचर्य यांसाठी स्वतंत्र संचालकाचे पद निर्माण झाले. देशातील व परदेशातील संस्थांशी संबंध जोडण्यासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद झाली. बारामती व इंदापूर येथील कला, विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येत असल्याने त्यांना ही चौकट लागू आहे.

शेतीची गोष्ट मात्र निराळी. पुणे जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो आणि राज्यातील चारही कृषी विद्यापीठे १९८३ च्या वेगळ्या कायद्याने चालतात. तेथे राज्यपाल कुलपती असतात आणि राज्याचे कृषिमंत्री प्रतिकुलपती. चारही विद्यापीठांत समन्वय ठेवण्याचे काम पुण्यातील महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद करते. थोडक्यात, कृषी विद्यापीठाच्या कुलगुरूला मंत्रालयाकडे पाठ फिरवून काम करताच येत नाही.

बारामतीत याहून वेगळ्या दोन संस्था आहेत आणि त्या एकाच गावच्या, माळेगाव खुर्दच्या, हद्दीत आहेत. एक केंद्र शासनाची, दुसरी विश्वस्त संस्था. दोन्हींच्या प्रमुखांना शासन, उद्योग आणि परदेश या तिन्ही ठिकाणी बोलणी करावी लागतात. पण त्यांचे हात बांधणारे दोर वेगवेगळे आहेत.

कातळावर उभी राहिलेली संस्था

राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था हे नाव बोजड आहे. परिसरातील अनेकांना ते आजही पूर्ण सांगता येत नाही. अर्थ मात्र सोपा आहे. पिकावर रोग-कीड पडली तर तो जैविक ताण. पाण्याचा तुटवडा, अतिपाऊस, उष्णता, थंडी, क्षारपड जमीन, गारपीट यांनी पीक मोडले तर तो अजैविक ताण. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या या संस्थेची कोनशिला २१ फेब्रुवारी २००९ रोजी बसली. त्या वेळी शरद पवार केंद्रीय कृषिमंत्री होते. अभिमत विद्यापीठाच्या दर्जाची संस्था म्हणून तिची कल्पना करण्यात आली होती.

संस्थेला जागा मिळाली ती सुमारे ५६ हेक्टरांची, आणि तीही मुरमाड, उघड्या कातळाची. ताणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला याहून समर्पक प्रयोगशाळा मिळाली नसती, असे गमतीने म्हणता येईल. पण ज्यांना तेथे झाडे लावायची होती, त्यांच्यासाठी ती गंमत नव्हती. खडक फोडून, खड्डे घेऊन, त्यांत माती व मुरूम मिसळून फळझाडे लावण्याच्या पद्धती याच जागेवर तपासल्या गेल्या. मुरमाड जमिनीत येणाऱ्या ड्रॅगन फळाचा या संस्थेने केलेला अभ्यास त्यातूनच पुढे आला.

ऊस पट्ट्याच्या दृष्टीने या संस्थेचे अधिक महत्त्वाचे काम खोडव्याचे आहे. ऊस तुटल्यावर फडात पाचटाचा जाड थर राहतो. बहुतेक जण तो पेटवून देतात, कारण पाचट ठेवून बुडखे छाटणे, बगला फोडणे आणि खत देणे ही कामे माणसांकडून करून घेणे परवडत नाही. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यासाठी ‘सोर्फ’ नावाचे ट्रॅक्टरचलित यंत्र विकसित केले. बुडखे जमिनीलगत छाटणे, सरीच्या बगला फोडणे, जुनी मुळे कापणे आणि खत मातीआड पेरणे ही चारही कामे ते एकाच फेरीत करते. पाचट जाळावे लागत नाही आणि खतही उघड्यावर पडत नाही.

संस्थाप्रमुखाची कसोटी येथून पुढे लागते. यंत्राचा नमुना तयार झाला, शोधनिबंध प्रसिद्ध झाला, म्हणून ते इंदापूरच्या बांधावर पोहोचत नाही. ते तयार करणारा कारखानदार हवा, यांत्रिकीकरणाच्या अनुदानात त्याचा समावेश हवा, आणि भाड्याने चालवणारा ट्रॅक्टरवाला हवा. पहिले काम उद्योगाचे, दुसरे शासनाचे, तिसरे गावाचे. तिघांचीही गाठ घालून देण्याचे काम प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाकडून होणे कठीण. ते संचालकाच्या टेबलावर येते.

परदेशाशी करार करताना केंद्रीय संस्थेच्या संचालकाला स्वतःच्या सहीने फार पुढे जाता येत नाही. प्रस्ताव परिषदेकडे आणि तेथून दिल्लीतील कृषी संशोधन व शिक्षण विभागाकडे जातो. वेळ लागतो, टिपणीवर टिपणी चढते. मात्र याचा एक फायदाही आहे. बियाणे, जनुकीय सामग्री किंवा मातीची माहिती देशाबाहेर जाणार असेल, तर ती कोणत्या अटींवर, हे किमान कोणीतरी तपासतो. या पदावरील अनुभव किती मोलाचा ठरतो, याचे उदाहरणही बारामतीतच आहे. येथील संचालकपद सांभाळलेले डॉ. हिमांशू पाठक २०२२ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे महासंचालक झाले आणि २०२५ मध्ये हैदराबादजवळील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या महासंचालकपदी गेले. कातळावरील संस्थेतून देशाच्या आणि नंतर आंतरराष्ट्रीय संशोधनाच्या प्रमुखपदापर्यंतचा हा प्रवास तालुक्यात म्हणावा तितका चर्चिला गेला नाही.

परदेशी हात नवा नाही

ऑक्सफर्डचे नाव आले की बारामतीत काहीतरी अभूतपूर्व घडत आहे, अशी भाषा सुरू होते. इतिहास तसे सांगत नाही. ऑस्ट्रेलियातील चर्चचे मिशनरी विसाव्या शतकाच्या आरंभीच बारामतीत आले होते. साठच्या दशकातील टंचाईत ‘कासा’ या ख्रिस्ती मदत संस्थेकडून येणारे धान्य नुसते वाटण्याऐवजी कामाच्या मोबदल्यात द्यावे आणि त्यातून पाझर तलाव बांधावेत, ही कल्पना येथे राबवली गेली. तरुण शरद पवार आणि मिशनरी मंडळी यांच्या सहकार्यातून तांदुळवाडीसारख्या जिरायती भागात तलावांची कामे झाली. त्याच अनुभवातून १९७१ मध्ये ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभे राहिले. त्याचा व्याप पुढे डॉ. आप्पासाहेब पवार यांनी वाढवला.

परदेशातून आलेले धान्य, शासनाची रोजगाराची कल्पना आणि स्थानिक श्रम असे ते पहिले त्रिकूट होते. तेव्हा करारपत्र किती पानांचे होते कोण जाणे, परंतु तलाव कोणाच्या गावात आणि पाणी कोणाच्या विहिरीला, हे सर्वांना डोळ्यांनी दिसत होते. आजच्या करारात जे दिले-घेतले जाते ते डोळ्यांना दिसत नाही, आणि अडचण तेथेच आहे.

ट्रस्टकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या निधीवर चालणारे कृषी विज्ञान केंद्र आहे. भारत-नेदरलँड्स सहकार्यातून भाजीपाल्याचे गुणवत्ता केंद्रही तेथे उभे राहिले. दर जानेवारीतील ‘कृषिक’ प्रदर्शनाला राज्यभरातून शेतकरी येतात. म्हणजे संस्था खासगी विश्वस्तांची, कामाचा मोठा भाग शासकीय निधीचा आणि तंत्रज्ञान परदेशी, अशी ही रचना आहे. केंद्रीय संस्थेच्या तुलनेत येथील प्रमुखांना निर्णय झपाट्याने घेता येतात. ऑक्सफर्डमधील अजित जावकर यांच्यासारख्या मराठी अभ्यासकाशी झालेला संवाद थेट शेतातील प्रयोगात उतरला, याला ही गती कारणीभूत आहे. दिल्लीतून मंजुरी मिळण्याची वाट पाहावी लागली असती, तर कदाचित एक हंगाम गेला असता.

यंत्र काय सांगते?

प्रयोग समजण्यास अवघड नाही. शेतात एक छोटे हवामान केंद्र आणि मातीत वेगवेगळ्या खोलीवर सेन्सर असतात. मातीतील ओलावा, तापमान, क्षारांचे प्रमाण अशी माहिती ते सतत पाठवतात. वरून उपग्रहाची छायाचित्रे येतात. त्यांतून पिकाची हिरवाई कोठे कमी, कोठे जास्त, हे कळते. लागणीपूर्वी माती परीक्षण केलेले असते. ही सर्व माहिती मायक्रोसॉफ्टच्या संगणकीय यंत्रणेत एकत्र होते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत सूचना येते : आज पाणी देऊ नका, अमुक कोपऱ्यात नत्र कमी आहे, तमुक भागात कीड तपासा.

कंपनीने आणि ट्रस्टने दिलेल्या माहितीनुसार, सुमारे २० हजार शेतकऱ्यांनी यात रस दाखवला आणि पहिल्या टप्प्यासाठी १ हजार जणांची निवड झाली. २०२५ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी बारामतीच्या या प्रयोगाचा जाहीर उल्लेख केला, त्यावर एलॉन मस्क यांनी प्रतिसाद दिला, आणि बारामतीचा ऊस जगभरातील बातम्यांत झळकला.

दावे मोठे आहेत. ऊस ३० ते ४० टक्के अधिक पोसतो, साखर अधिक उतरते, पाणी आणि खत वाचते, कापणीचा कालावधी १८ महिन्यांवरून १२ महिन्यांवर येतो, असे सांगितले गेले. यांतील शेवटचा दावा ऊस पट्ट्यातील कोणाही जाणत्याला थबकायला लावील. १८ महिन्यांचा ऊस म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली. १२ महिन्यांचा म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतील सुरू. हे दोन वेगळे हंगाम आहेत आणि त्यांचे एकरी उत्पादनही सारखे नसते. तुलना करायची तर आडसालीची आडसालीशी आणि सुरूची सुरूशी व्हायला हवी. हंगाम सांगितल्याशिवाय टक्केवारी सांगितली, तर ती परदेशी वाचकाला पटते, सणसरच्या शेतकऱ्याला पटत नाही.

कृषी विद्यापीठाची पद्धत येथे उपयोगी पडते. विद्यापीठाची कोणतीही शिफारस साधारणतः तीन हंगामांच्या चाचण्यांनंतर राज्यातील चारही विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीपुढे जाते. तेथे शेजारच्या विद्यापीठाचे शास्त्रज्ञ आकडे उसवून पाहतात. शिफारस फेटाळलीही जाते. नीरा खोऱ्यातील पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने ‘को ८६०३२’ म्हणजेच ‘नीरा’ ही जात शेतकऱ्यांच्या हाती दिली, ती याच वाटेने. कंपनीची घाई आणि विद्यापीठाची संथ गती यांचा मेळ घालणे, हे खरे तर संस्थाप्रमुखाचे सर्वांत अवघड काम आहे. माझ्या मते ऑक्सफर्डच्या नावापेक्षा पाडेगाव आणि राहुरी यांच्या स्वतंत्र तपासणीचे या प्रयोगाला अधिक बळ मिळेल.

पैसे कोणाचे, लाभ कोणाचा?

२०२५ मध्ये पुण्याजवळील मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या प्रयोगात उतरली आणि तो बारामतीबाहेर नेण्याची योजना जाहीर झाली. तिची विभागणी बोलकी आहे. हेक्टरी २५ हजार रुपयांच्या खर्चात ९ हजार २५० रुपये इन्स्टिट्यूटचे, ६ हजार ७५० रुपये साखर कारखान्याचे आणि ९ हजार रुपये शेतकऱ्याचे. म्हणजे शेतकऱ्याला एकरी साधारण साडेतीन हजार रुपये पडतात. ठिबक संच ज्याच्याकडे नाही, त्याला त्याचा खर्च वेगळा.

कारखान्याने वाटा का उचलावा, याचे उत्तर ऊसदराच्या सूत्रात आहे. केंद्र शासन ठरवते तो रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, साखर उताऱ्याशी जोडलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला. परंतु हा उतारा शेतकऱ्यागणिक मोजला जात नाही. तो संपूर्ण कारखान्याचा सरासरी उतारा असतो. त्यामुळे भवानीनगरच्या छत्रपती किंवा बिजवडीच्या कर्मयोगी कारखान्याच्या एखाद्या सभासदाने सूचनांनुसार शेती करून आपल्या उसातील साखर वाढवली, तरी त्या जादा साखरेचे दाम त्याला वेगळे मिळत नाहीत. त्याच्या हाती येतो तो वाढलेल्या टनेजचा पैसा आणि वाचलेल्या खत-पाण्याचा. जादा साखरेचा पहिला लाभ कारखान्याच्या गोदामात जातो. सर्व सभासदांचा ऊस सुधारला तरच सरासरी वर जाऊन दरात फरक पडेल. हे गणित लक्षात घेता कारखान्याचा हिस्सा शेतकऱ्याच्या हिश्शापेक्षा कमी का, असा प्रश्न वार्षिक सभेत कोणी विचारला, तर तो गैर म्हणता येणार नाही.

संशोधक आणि कारखानदार यांचे हित नेहमी एकच नसते, याचा अनुभव या पट्ट्याने घेतलेला आहे. ‘फुले २६५’ ही जात पाडेगावनेच दिली. क्षारपड जमिनीत तग धरणारी, भरघोस टनेज देणारी. नीरा डाव्या कालव्याखालील खारवलेल्या रानांत शेतकऱ्यांनी ती उचलून धरली. मात्र ती उशिरा पक्व होते, लवकर तोडली तर उतारा कमी येतो, या कारणाने काही कारखान्यांनी तिची नोंद घेण्यास हात आखडता घेतला. विद्यापीठाची शिफारस शेतकऱ्याच्या हातात आणि नोंदीचे रजिस्टर कारखान्याकडे, अशी ती कोंडी होती.

शासनाची बाजूही या काळात पुढे सरकली. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी तरतूद जाहीर केली. जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने २०२५ ते २०२९ या कालावधीसाठी ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांचा आकडा त्यात आहे. धोरणे यापूर्वीही झाली आहेत. उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये घेतला होता. आज कोणत्याही कालव्याच्या कडेने फेरफटका मारला तर पाटाने भरलेल्या सऱ्या दिसतात. सेन्सर पाण्याची वेळ सांगेल, पण पाणी पाळीने येत असेल तर त्या सूचनेचा उपयोग किती?

कालव्याचे शेपूट

हा मुद्दा इंदापूरला अधिक लागू आहे. एकोणिसाव्या शतकात झालेला नीरा डावा कालवा बारामतीतून पुढे इंदापूर तालुक्यात जातो आणि पाण्याची खरी परीक्षा त्याच्या शेपटाला होते. वरच्या भागात विहिरींना पाझर असतो, खाली पाळी लांबते. तालुक्यातील २२ गावांचा पाणीप्रश्न प्रत्येक निवडणुकीत निघतो. उजनीतून इंदापूरसाठी पाच टीएमसी पाणी उचलण्याचा निर्णय सोलापूर जिल्ह्याच्या विरोधामुळे मे २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला होता. एका बाजूला उजनीचे पसरलेले पाणी, दुसऱ्या बाजूला कोरडी चारी, असे या तालुक्याचे चित्र आहे.

अशा गावांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग होणारच नाही, असे नाही. उलट थोडे पाणी असणाऱ्याला ते नेमके कधी द्यावे याची गरज अधिक. परंतु त्यासाठी विहीर किंवा शेततळ्यात पाण्याचा साठा, ठिबक आणि वेळेवर वीज या तीन गोष्टी आधी हव्यात. पहिल्या हजारांत निवडले गेलेले शेतकरी आणि शेपटाकडील दोन एकरवाले यांची स्थिती सारखी नाही. प्रयोगाचे निष्कर्ष जाहीर करताना जमिनीचा प्रकार, पाण्याचे साधन आणि धारणक्षेत्र यांनुसार वेगवेगळे आकडे दिले, तरच इंदापूरच्या शेतकऱ्याला स्वतःचा अंदाज बांधता येईल. असे तक्ते मागण्याचा आणि प्रसिद्ध करण्याचा अधिकार करारातच लिहून घ्यावा लागतो. नंतर तो मिळत नाही.

माहिती कोणाची?

राहता राहिला तो फाइलमधील सर्वांत कमी वाचला जाणारा परिच्छेद. शेतातील सेन्सर वर्षभर जी माहिती पाठवतात, ती एकेका शेतकऱ्यासाठी किरकोळ आहे. हजारो शेतांची मिळून ती मौल्यवान होते. कोणत्या शिवारात किती ऊस उभा आहे आणि तो कधी पक्व होणार, हे आधी कळले तर तोडणीचा कार्यक्रम आखणाऱ्या कारखान्याला, कर्ज देणाऱ्या बँकेला, विमा कंपनीला आणि साखरेच्या व्यापाऱ्यालाही त्याचा उपयोग आहे. व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला. परंतु मातीतील ओलावा किंवा पिकाची हिरवाई ही शेतकऱ्याची वैयक्तिक माहिती मानायची का, याचे सरळ उत्तर त्यात सापडत नाही. जेथे कायदा मोघम असतो, तेथे करारातील शब्द निर्णायक ठरतात.

म्हणून संस्थाप्रमुखाने सही करण्यापूर्वी काही बाबी स्पष्ट करून घेणे अगत्याचे आहे. शेतकऱ्याने योजना सोडली तर त्याची जुनी माहिती पुसली जाणार का? ती त्याला स्वतःला, दुसऱ्या ॲपमध्ये नेता येईल अशा स्वरूपात, मिळणार का? स्थानिक विद्यार्थी आणि संशोधकांना ती अभ्यासासाठी खुली असेल का? सूचना चुकली आणि पीक गेले तर जबाबदारी कोणाची? आणि कंपनीने तीन-चार वर्षांनी सेवेचे दर वाढवले किंवा ती बंदच केली, तर शेतात उभे असलेले खांब आणि सेन्सर दुसऱ्या यंत्रणेवर चालतील का?

हे प्रश्न शेतकऱ्यापर्यंत नेण्याची सोयही हाताशी आहे. योजनेत नाव नोंदवताना त्याच्याकडून जो संमतीचा अर्ज घेतला जातो, तो सोप्या मराठीत, एका पानात, गावच्या सोसायटीत वाचून दाखवता येईल. सहकारी कारखान्यांनी तो वार्षिक अहवालाला जोडावा. छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर, कर्मयोगी, नीरा-भीमा या सर्व कारखान्यांचे सभासद दरवर्षी अहवालाची पाने उलटतात. उसाचा दर, कर्जाचा आकडा आणि सहवीजनिर्मितीचा नफा ते बारकाईने वाचतात. हेक्टरी ९ हजार रुपये देणाऱ्या सभासदाला त्या पानांत आपल्या शेताच्या माहितीचेही एक कलम वाचायला मिळायला हवे.